सोचिमिल्कोच्या कालव्यातलं भूत: दहा-बारा वर्षांच्या मुलांना किती घाबरवावं?

कागदी_होडी

नमस्कार मंडळी,

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत एक कादंबरी लिहिते आहे. भुताची आहे, अद्भुत आहे आणि घडते मेक्सिकोत. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा कालव्यांचा भाग आहे, तिथे. नायिका लुपे, वय अकरा. तिचे वडील त्राहिनेरा चालवतात. त्राहिनेरा म्हणजे रंगवलेली, सपाट बुडाची होडी. लांब काठीने कालव्याच्या तळाला रेटा देत ती पुढे न्यायची. आई आणि आजी चिनाम्पावर, म्हणजे उथळ पाण्यात गाळ रचून केलेल्या शेतावर, फुलं लावतात. ऑक्टोबरच्या मध्यावर आजी जाते. महिना संपता संपता लुपेचा सहा वर्षांचा भाऊ बेतो संध्याकाळी पाण्याकाठी काहीतरी पाहतो आणि त्या दिवसापासून त्याचं बोलणंच बंद होतं. त्याला बरं करायला लुपे रात्री होडी घेऊन निघते. इथवर गोष्ट मला स्वच्छ दिसते.

पुढे घोडं अडलंय. बेतोने पाहिली ती ला योरोना, असं मी धरून चालले आहे. पांढऱ्या कपड्यांतली, रात्री पाण्याकाठी मुलांच्या नावाने रडत फिरणारी बाई. पण तिची कथा सर्रास सांगतात तशी सांगायची तर तिने आपलीच मुलं नदीत बुडवलेली असतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात हे द्यायचं का? आणि मृतांचा दिवस (नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेले घरी भेटायला येतात तो सण), साखरेच्या कवट्या, सांगाड्याची कात्रिना, अलेब्रिहे नावाचे रंगीबेरंगी काल्पनिक प्राणी, नऊ पातळ्यांचं मिक्त्लान म्हणजे मेलेल्यांचं जग, हे सगळं मला खुणावतंय. एका पुस्तकात एवढं मावेल का? तिथे राहिलेल्यांनी, या विषयात वाचलेल्यांनी किंवा मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा.

रात्रपाळी

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, त्या नात्याने लिहितो. राक्षस, सांगाडे, अंधार, काहीही द्या, ती पांघरुणात शिरून वाचते आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना रंगवून सांगते. पण आईनेच मुलांना मारलं, हे वाचलं तर ती भूत विसरेल आणि आईकडे बघत राहील. ती भीती वेगळ्या जातीची आहे. माझं मत, योरोना सोडून द्या. तिथल्या लोककथांत दुसरी भुतं कमी आहेत का?

हिरवा_कंदील

कागदी_होडी, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी काही वर्षं मेक्सिको सिटीत होते. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे, आणि आठ ते बारा हेच त्या घोळक्याचं वय. म्हणून जरा लांबण लावते.

रात्रपाळी, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, पण योरोना सोडून देऊ नये असं मला वाटतं. तिथल्या मुलांना ती शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असते आणि त्यांच्या लेखी तिची ओळख तिच्या गुन्ह्यावरून नसते, तिच्या आवाजावरून असते. एकदा मी तिची गोष्ट सुरू केली तर पहिल्याच ओळीला एका मुलाने मला थांबवलं आणि नियम समजावला: तिचं रडणं जवळून आलं तर ती लांब असते, आणि लांबून आलं तर ती तुमच्या पाठीशी असते. सगळ्या पोरांनी माना डोलावल्या. कुणालाच तिच्या मुलांचं काय झालं ते विचारायचं नव्हतं. आवाज हळू झाला तर काय करायचं, यावर मात्र अर्धा तास वाद झाला. एक म्हणे पळायचं, दुसरी म्हणे पळून उपयोग नाही, मागे वळून बघायचं नाही एवढंच.

या वयाच्या वाचकाला असाच नियम हवा असतो. अंधारात हुडहुडी भरवणारी गोष्ट त्याला सोसते, पण त्या अंधाराला काही कायदा लागतो, जो नायिकेला कळेल, पाळता येईल आणि ऐन वेळी मोडावाही लागेल. लुपेला कालव्यावर रडणं ऐकू येतं, ते हळूहळू विरत जातं, सोबतच्या मुलाला हायसं वाटतं, आणि लुपेचे मात्र हात काठीवर गोठतात. वाचकाला नियम आधीच ठाऊक असेल तर त्या पानावर भूत दाखवायचीसुद्धा गरज नाही.

आता तिच्या मुलांचं. योरोनाची जी कथा आज सगळीकडे ऐकू येते, फसवणूक झालेली बाई, रागाच्या भरात बुडवलेली मुलं, त्या कथेच्या मागे एक जुनी रडणारी बाई उभी आहे. बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन साधूने नाउआत्ल ही तिथली जुनी भाषा बोलणाऱ्या जाणत्यांकडून आणि विद्यार्थ्यांकडून बारा भागांचा एक प्रचंड ग्रंथ लिहून घेतला. 1577 च्या सुमारास तो पुरा झाला आणि आज इटलीत फ्लॉरेन्सला आहे. त्याच्या बाराव्या भागात स्पॅनिश लोक येण्याआधी दिसलेल्या आठ अपशकुनांची हकिगत आहे. त्यातला सहावा असा: रात्री एका बाईचं रडणं ऐकू यायचं. ती म्हणायची, माझ्या लेकरांनो, आता आपल्याला जावं लागणार. आणि कधी म्हणायची, लेकरांनो, तुम्हाला मी कुठे नेऊ? बरेच अभ्यासक तिचं नातं सिवाकोआत्ल या देवीशी जोडतात. 13 ऑगस्ट 1521 ला अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली, म्हणजे तिचं रडणं खरंच ठरलं.

ही बाई मुलांना मारत नाही. मुलांना कुठे लपवू हे न कळून ती रडते. रात्रपाळी, ही आई तुमच्या मुलीच्या हातात द्यायला हरकत नसावी.

मग बेतोला गप्प कुणी केलं? त्याच ग्रंथाच्या अकराव्या भागात, जिथे प्राण्यांची वर्णनं आहेत, तिथे आवीत्सोत्ल आहे. लहान कुत्र्याएवढा, काळा, अंग गुळगुळीत, पंजे माकडासारखे, आणि शेपटीच्या टोकाला माणसाचा हात. तलावाच्या खोल कपारीत राहतो. पाण्याजवळ आलेल्या माणसाला त्या शेपटीच्या हाताने धरून तळाशी ओढतो. काही दिवसांनी शरीर वर येतं तेव्हा डोळे, दात आणि नखं नसतात, बाकी कुठे ओरखडासुद्धा नाही. आणि बरेच दिवस शिकार मिळाली नाही तर तो काठावर येऊन लहान मूल रडावं तसा रडतो, म्हणजे कुणीतरी कळवळून जवळ येतं.

तेव्हा तुमच्या कालव्यावर रडणारे दोघं आहेत. एक जवळ बोलावण्यासाठी रडतो, दुसरी दूर ठेवण्यासाठी. सहा वर्षांच्या बेतोला काठावर बाळाचं रडणं ऐकू आलं, तो वाकला, आणि त्याच क्षणी पांढरी बाई किंचाळत आली म्हणून तो वाचला. घरातले सगळे म्हणणार योरोनाने धरलं. लुपेला पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी उमगेल की ती तर वाचवत होती. मला ही कादंबरी वाचायची आहे, खरंच.

आता मृतांचा दिवस. इथे मी जरा आग्रहाने बोलणार. भुतं आणि आपले गेलेले यांची तिथे सरमिसळ करत नाहीत. ओफ्रेंडा, म्हणजे त्या दिवसासाठी घरात मांडलेली वेदी, ही घाबरून केलेली गोष्ट नसते. लांबून चालत येणारा माणूस तहानलेला असेल म्हणून पाण्याचा पेला. वास ओळखून वाट सापडावी म्हणून कोपाल या सुगंधी राळेचा धूर आणि झेंडू. मीठ, मेणबत्त्या, फोटो, आवडीचं जेवण. मुलांसाठी मांडलेल्या वेदीवर बिनतिखटाचं जेवण आणि खेळणी. त्या रात्री दारात आलेल्या आजीला बघून नात दचकली, असं लिहिलंत तर तो प्रसंग तिथला राहणार नाही. हा झेंडू, सेंपासुचिल, मूळचा मेक्सिकोचाच, आणि सोचिमिल्कोची रोपवाटिका दर ऑक्टोबरला त्याने पिवळीधमक होते. तुमच्या लुपेच्या घरचा तो ऐन हंगाम आहे. कामाची झुंबड, ट्रक भरून कुंड्या जातायत, आणि त्यात घरात माणूस गेलंय. हे पहिल्या प्रकरणातच येऊ द्या.

आणि आजीच्या मृत्यूची तुम्ही निवडलेली वेळ! तिथे बऱ्याच घरांत असं मानतात की मृतांच्या दिवसाआधी महिनाभराच्या आत जो गेला, त्याला त्या वर्षी यायची परवानगी मिळत नाही. परवानगी मागायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून त्याच्यासाठी त्या वर्षी ओफ्रेंडा मांडत नाहीत. म्हणजे लुपेने स्वतःच्या हाताने वाढवलेली फुलं सगळ्या गावाच्या मृतांना वाट दाखवणार आणि तिची आजी तेवढी येणार नाही. पुस्तकातलं सगळ्यात मोठं दुःख इथे आहे. भुतापेक्षा हे मुलांना जास्त लागेल, आणि लागू द्यावं.

काय काय मावेल या प्रश्नाचं उत्तर: अलेब्रिहे गाळा. ते प्राचीन नाहीत. मेक्सिको सिटीतले कागदी लगद्याच्या वस्तू करणारे कारागीर पेद्रो लिनारेस यांना 1936 मध्ये तापाच्या ग्लानीत ते विचित्र प्राणी दिसले, अशी त्यांची जन्मकथा आहे, आणि ओआहाकाच्या खेड्यांतले लाकडी अलेब्रिहे त्याच्याही नंतरचे. मृतात्म्यांचे वाटाडे हे काम त्यांना अलीकडच्या सिनेमाने दिलं. कात्रिनाही चित्रकारांची. होसे ग्वादालुपे पोसादा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फक्त टोपी घातलेली कवटी काढली. दिएगो रिवेरांनी 1947 च्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख आणि ते नाव मिळवून दिलं. दोन्ही सुंदर, पण तुमच्या कालव्यात त्यांचं काही काम नाही. बाजारात एखाद्या टपरीवर टांगलेले दिसले तर दिसू द्या.

मिक्त्लानबद्दल पुन्हा लिहिते, दारावर कुणीतरी आलंय.

शाईची_दौत

हिरवा_कंदील, प्रतिसाद फार आवडला. मी मुलांच्या पुस्तकांचं संपादन करतो, त्यामुळे माझी नजर थोडी निराळ्या ठिकाणी जाते.

आवीत्सोत्ल उत्तम आहे. हात असलेली शेपटी एकदा वाचली की मूल जन्मात विसरणार नाही. पण डोळे, दात, नखं हे तिन्ही एका वाक्यात देऊ नका. या वयाला प्रेताचं वर्णन लागत नाही, प्रेताची बातमी पुरते. कुणीतरी म्हातारा नावाडी म्हणू दे की त्याच्या काकांचा भाऊ सापडला तेव्हा बोटांना नखं नव्हती. तेवढंच. पुढचं वाक्य दुसऱ्या कुणीतरी तोडावं, जेवायला चला म्हणून. मुलं ती नखं घेऊन झोपायला जातील. भीतीचा प्रसंग दीड-दोन पानांच्या वर ताणू नये आणि त्याच्या लगेच मागे उबदार काहीतरी असावं, स्वयंपाकघर, मोठ्या माणसाची हाक, कुत्रं. मोठ्यांच्या भयकथेत वाचकाला एकटं सोडतात, इथे सोडायचं नसतं.

आणि एका बाबतीत सावध करतो. पाण्यात बुडून मेलेले त्लालोक या पावसाच्या देवाच्या हिरव्यागार स्वर्गात जातात, अशी तिथली जुनी श्रद्धा आहे, मी वाचली आहे. आवीत्सोत्ल आला की लेखकाला हा धागाही ओढावासा वाटणारच. पण दुःखात असलेली एक मुलगी, रात्र, पाणी, आणि पाण्याखाली सुंदर बाग, आजीही कदाचित तिथे, ही मांडणी दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मला धोक्याची वाटते. वाचणाऱ्यांत एखादं मूल खरोखर कुणाला तरी गमावून बसलेलं असतं. त्याला पाण्याखालचं आमंत्रण मिळता कामा नये.

हिरवा_कंदील

शाईची_दौत, बरं झालं तुम्ही हे लिहिलंत. त्लालोकान, म्हणजे त्लालोकचा तो स्वर्ग, गाळावंच असं मी म्हणणार नाही, पण आजीला तिथे मुळीच पाठवायचं नाही. आजी म्हातारपणाने अंथरुणात गेली, बुडाली नाही, तेव्हा जुन्या समजुतीप्रमाणेही ती तिथे जात नाही. कसा मृत्यू आला त्यावर कुठे जायचं ते ठरायचं. साधं मरण आलेल्यांची वाट मिक्त्लानची. आवीत्सोत्लने लुपेला आजीच्या आवाजात बोलावलं, खाली बाग आहे, ये, असं म्हटलं, आणि तिला ही गोष्ट ठाऊक असल्यामुळे ते खोटं आहे हे तिने ओळखलं, तर? मग पाण्याखालची बाग हे आमिष ठरतं आणि ते नाकारण्यात लुपेची हुशारी दिसते. वाचणाऱ्या मुलाच्याही लक्षात येतं की असा आवाज खोटा असतो.

मिक्त्लानचं राहिलं होतं. नऊ टप्पे, चार वर्षांचा प्रवास. एकमेकांवर आदळणारे दोन डोंगर, वाटेवर बसलेला साप, काचेच्या धारेचा वारा (तिथल्या ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या पात्यांसारखा कापणारा), आणि एक रुंद नदी. कादंबरीकाराला वाटतं, वा, नऊ प्रकरणं तयार. कृपा करून तसं करू नका. लुपे जिवंत आहे, तिने ही वाट चालायची नाही. शिवाय नऊ टप्पे ओळीने आले की ते व्हिडिओ गेमसारखे होतात आणि मुलं पुढचा टप्पा कोणता एवढंच मोजत बसतात.

मी त्यातून एकच गोष्ट उचलेन, नदीवरचा कुत्रा. साआगूनच्या तिसऱ्या भागात आहे. मेलेला माणूस काठाशी पोचतो तेव्हा पलीकडे कुत्री उभी असतात. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंघोळ केली आहे. काळा म्हणतो, मी नुकताच काळा झालोय. दोघंही पाण्यात उतरत नाहीत. तांबूस-पिवळा कुत्रा तेवढा आपल्या धन्याला ओळखतो, उडी मारतो आणि त्याला पाठीवर घेऊन नदी पार करवतो. म्हणून मृतासोबत पिवळं कुत्रं द्यायचे. मी ही गोष्ट वाचनालयात सांगितली तेव्हा मुलं पांढऱ्या कुत्र्याच्या सबबीवर खो खो हसली आणि मग एका मुलीने गंभीरपणे विचारलं की तिचा कुत्रा ठिपक्यांचा आहे, त्याचं काय. हसू आणि काळजी एकाच श्वासात. तुमच्या आजीकडे पिवळं कुत्रं असू द्या. आजी गेल्यावर दोन दिवसांनी ते कुठेतरी निघून जातं. घरचे शोधतात, लुपे रागावते, पळपुटं म्हणते त्याला. ते कुठे गेलं हे वाचकाला कळायला पुस्तकाचा शेवट उजाडू दे.

कागदी_होडी

मंडळी, काय लिहू, डोकं भणभणतंय पण आनंदाने. दोन रडणारे आणि न येणारी आजी, हे दोन्ही मी घेते आहे. आजीच्या आवाजातलं आमिषही.

दोन गोष्टी अजून विचारते. बेतोचं बोलणं परत कसं यावं? जादूची वस्तू, मंत्र, असलं काही मला नको आहे. आणि लुपेला मदतनीस हवा. चानेके किंवा आलुश घ्यावेत का? रानातली छोटी माणसं मुलांना आवडतील.

हिरवा_कंदील

चानेके मुख्यतः वेराक्रूस आणि ओआहाकाच्या बाजूचे, आलुश युकातानच्या माया लोकांचे. आलुश मक्याचं शेत राखतो. सोचिमिल्कोत आणलेत तर तिथला वाचक लगेच ओळखेल की नकाशा न बघता लिहिलंय. मेक्सिकोच्या लोककथा असं एक गाठोडं नाहीच मुळी, सरकारने मान्य केलेल्या मूळनिवासी भाषाच तिथे 68 आहेत. आपल्या कालव्यातलंच कुणीतरी घ्या.

कालव्यात अहोलोते आहे, पाण्यात राहणारा सॅलमँडर. ॲक्सोलॉटल म्हणून मुलांना चित्रांतून ठाऊक असतो, गुलाबी, हसऱ्या तोंडाचा. सोचिमिल्कोतला रानटी मात्र गडद, मातकट रंगाचा असतो. 1998 मध्ये तिथे एका चौरस किलोमीटरला साधारण 6,000 मोजले होते, 2014 मध्ये 36. कार्प आणि तिलापिया हे बाहेरून सोडलेले मासे त्यांची अंडी खातात, पाणीही बिघडलंय. आणि याच प्राण्यात एक देव लपलाय. नवा सूर्य हलेना तेव्हा सगळ्या देवांनी मरायचं ठरवलं. शोलोत्ल तेवढा घाबरला. रडून रडून त्याचे डोळे सुजले. तो पळाला आणि मक्याच्या जोडताटात लपला. तिथे सापडला तर जोडघायपातीत, तिथेही सापडला तर पाण्यात अहोलोते होऊन. शेवटी तिथेच पकडला गेला. मदतनीस हवा ना? घाबरलेला देव घ्या. कालव्यात उरलेल्या थोड्यांपैकी एक, अजूनही तळाच्या गाळात लपलेला. पुस्तकभर लुपेला सगळे सांगत असतात घाबरू नकोस, आणि हा एकटा तिला म्हणतो, मी तर फार घाबरलो होतो. आणखी एक सांगायचं तर शोलोत्लचं डोकं कुत्र्याचं असतं आणि मृतांना वाट दाखवण्याशी त्याचा संबंध जोडतात. तुमचं पिवळं कुत्रं आणि हा, यांची गाठ कुठे घालायची ते तुम्ही ठरवा.

बेतोबद्दल. अचानक दचकलेल्या माणसाचा आत्मा दचकला त्या जागीच राहून जातो, असं तिथे मानतात. त्याला सुस्तो म्हणतात. मूल जेवत नाही, झोपत नाही, गप्प होतं. मग कुरांदेरा, म्हणजे गावातली झाडपाला आणि उतारे जाणणारी बाई, अंगावरून पाला किंवा अंडं उतरवते आणि आत्म्याला नावाने हाका मारतात: ये, तिथे राहू नकोस. काही ठिकाणी तर भ्यायल्या जागी जाऊन हाक मारावी लागते. तुम्हाला मंत्र नकोय ना? मग लुपेने जाऊन त्या काठावर उभं राहायचं आणि धाकट्या भावाला त्याच्या नावाने बोलवायचं. अडचण एवढीच की त्या जागी कुणी आवाज केला तर तळातला हात वर येतो. आणि हाक नीट ऐकू जाईल एवढी मोठ्याने मारावी लागते.

रात्रपाळी

शेवटचं वाक्य वाचून मीच पाय वर घेऊन बसलो. योरोनाबद्दलचं माझं मत बदललं आहे. पण बापाच्या काळजीने एक विचारतो: अकरा वर्षांची मुलगी रात्री घरातून होडी घेऊन निघते आणि कुणालाच पत्ता लागत नाही, हे पटेल का? माझी मुलगी पहिला प्रश्न हाच विचारेल, आईबाबा कुठे होते.

शाईची_दौत

रास्त प्रश्न. मुलांच्या पुस्तकात आईवडिलांना दूर ठेवायची सबब खरी लागते. त्यांना वाईट किंवा बेपर्वा दाखवलं की वाचकाचा घरावरचा विश्वास उडतो आणि भुताची भीती फिकी पडते. कागदी_होडी, तारीख कोणती धरली आहे तुम्ही?

कागदी_होडी

31 ऑक्टोबरची रात्र धरली होती, पण ठाम नाही.

हिरवा_कंदील

तारीख बदला. मिस्किक गावात, ते सोचिमिल्कोपासून फार लांब नाही, 31 तारखेच्या दुपारी घंटा वाजतात त्या मुलांच्या आत्म्यांसाठी, ते पहिल्या नोव्हेंबरच्या दुपारी निघतात आणि मोठे येतात. दोन तारखेच्या संध्याकाळी सगळं गाव चर्चच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावून बसतं, त्याला ला आलुम्ब्रादा म्हणतात. पाय ठेवायला जागा नसते, धुराने डोळे चुरचुरतात. लुपेच्या आईचं माहेर मिस्किकचं करा. दोन तारखेला आई आपल्या आईवडिलांच्या थडग्याशी, बाबा गर्दीच्या हंगामात प्रवाशांच्या फेऱ्या मारतायत, बेतो आणि लुपे शेजारच्या मावशीकडे. मावशी वेदीपुढे खुर्चीत पेंगते. सगळे आपापल्या मृतांजवळ आहेत, यात कुणाचाच बेपर्वाईचा दोष नाही. फेऱ्या मारणाऱ्या बाबांना रात्री कालव्यात आपलीच जुनी, बिनरंगाची होडी लांबून दिसली आणि वर कोण आहे ते धुक्यात कळलं नाही, असं एक पान मला वाचायला आवडेल.

दोन तारीख आणखी एका कारणासाठी: त्या रात्री आलेले सगळे परत निघतात. न आलेल्या आजीचा विषय तेव्हाच तापतो. आणि थंडीचं विसरू नका. शहर 2,240 मीटर उंचीवर आहे, नोव्हेंबरच्या रात्री कुडकुडायला होतं, पाण्यावर तर जास्तच. लुपेला जाड लोकरी शाल द्या, आजीचीच द्या. काठी ओली झाली की हातातून सटकते, बोटं बधिर होतात. होडी वळवताना काठी गाळात रुतली तर ती सोडायची की होडीतून ओढलं जायचं, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. तिच्या बाबांनी तिला पहिल्या प्रकरणात शिकवलेलं असू द्या: रुतली तर सोड.

साआगूनचा सगळा ग्रंथ 2023 पासून गेटी संशोधन संस्थेने नेटवर मोफत ठेवला आहे, चित्रांसकट. अकरावा भाग उघडा आणि आवीत्सोत्लचं चित्र स्वतः बघा, मग त्याचं वर्णन लिहा. माझ्या शब्दांवरून लिहू नका. पहिली तीन प्रकरणं झाली की इथेच धाग्यात टाका किंवा मला व्यक्तिगत निरोप करा. गावांची नावं, जेवण, घरातली बोलायची रीत, मी तपासून देईन.

कागदी_होडी

दोन तारीख पक्की. बाबांचं वाक्यही पक्कं, पण दुसऱ्या प्रकरणात घालते. पहिल्यात झेंडूच्या कुंड्या आणि कुत्रं येतंय. दिवसभराचं काम आटपलं की आज रात्री अकरावा भाग उघडते. शाईची_दौत, नखांचा प्रसंग लिहून झाला की आधी तुम्हाला पाठवते, किती कापायचं ते तुम्ही सांगा.